मोठी शहरे आणि बुलढाणा जिल्हा : पाझर किती, उपसा किती ?

विदर्भाच्या पश्चिम टोकाला असलेल्या बुलढाणा जिल्ह्याचे क्षेत्रफळ ९,६६१ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५ लाख ८६ हजार आहे. एवढ्या विस्तीर्ण जिल्ह्यात त्या जनगणनेच्या वेळी एक लाख वस्तीचे एकही शहर नव्हते. सर्वांत मोठे शहर खामगाव. त्याची लोकसंख्या सुमारे ९४ हजार होती. बुलढाणा, मलकापूर, शेगाव आणि चिखली ही शहरे त्याहून लहान. जिल्ह्यातील दर पाच माणसांपैकी सुमारे चार माणसे खेड्यांत राहतात.

जिल्ह्याच्या सीमेपलीकडचे चित्र मात्र निराळे आहे. पूर्वेस अकोला, पश्चिमेस जळगाव, दक्षिणेस जालना आणि नैर्ऋत्येस छत्रपती संभाजीनगर अशी चार शहरे या जिल्ह्याभोवती उभी आहेत. २०११ साली अकोल्याची लोकसंख्या सव्वाचार लाख, जळगावची चार लाख साठ हजार, जालन्याची दोन लाख पंच्याऐंशी हजार आणि त्या वेळी औरंगाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छत्रपती संभाजीनगरची पावणेबारा लाख होती. या चारही शहरांत आज महानगरपालिका आहेत. बुलढाणा जिल्ह्यात एकही नाही. साहजिकच जिल्ह्यातील शेतमाल, रुग्ण, विद्यार्थी, मजूर आणि खरेदीचा पैसा यांना चारही दिशांनी वाटा फुटलेल्या आहेत.

ही ओढ इष्ट की अनिष्ट, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. त्याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. मोठे शहर आपल्या परिसराला देते आणि त्याच्यापासून घेतेही. कोणत्या परिस्थितीत ते अधिक देते आणि कोणत्या परिस्थितीत अधिक घेते, हे बुलढाणा जिल्ह्याच्या इतिहासातून व वर्तमानातून बऱ्याच स्पष्टपणे समजून घेता येते.

बाजाराची उतरंड

मीठ, मिरची, काडेपेटी गावच्या दुकानात मिळते. कापड, भांडी, बी-बियाणे यांसाठी आठवडी बाजाराच्या गावी जावे लागते. ट्रॅक्टरचा सुटा भाग, वकील, महाविद्यालय यांसाठी तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते. हृदयावरील शस्त्रक्रिया किंवा अभियांत्रिकीची मोठी नोकरी यांसाठी त्याहूनही मोठ्या शहरावाचून गत्यंतर नसते. वस्तू किंवा सेवा जितकी क्वचित लागणारी, तितके तिचे ठिकाण मोठे आणि दूर, ही रचना जर्मन भूगोलतज्ज्ञ वॉल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ साली शास्त्रीय पद्धतीने मांडली. तिला मध्यवर्ती स्थानांचा सिद्धांत म्हणतात.

दोन शहरांच्या मध्ये असलेले गाव कोणत्या शहराकडे ओढले जाईल, याचा आडाखा अमेरिकेतील विल्यम रायली यांनी १९३१ साली बांधला. शहराची ओढ त्याच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, असे त्यांचे प्रतिपादन होते. अंतर दुप्पट झाले की ओढ चौथ्या हिश्श्यावर येते, असा याचा अर्थ. हा नियम आपल्याकडे लावून पाहणे उद्बोधक ठरेल. खामगाव आणि अकोला यांच्यात सुमारे ५० किलोमीटरचे अंतर आहे. २०११ ची लोकसंख्या धरून हिशेब केला, तर दोन्ही शहरांची ओढ जेथे सारखी होते ते ठिकाण खामगावपासून सुमारे १६ आणि अकोल्यापासून सुमारे ३४ किलोमीटरवर येते. रस्त्याच्या जवळजवळ दोन-तृतीयांश भागावर अकोल्याचे वर्चस्व असून ते बाळापूर ओलांडून खामगावच्या दिशेने पुढे सरकते.

देऊळगाव राजाचे उदाहरण याहून ठळक आहे. तेथून जालना जवळ आहे आणि जिल्ह्याचे मुख्य ठिकाण बुलढाणा हे ढोबळमानाने त्याच्या दुप्पट अंतरावर आहे. जालन्याची लोकसंख्या बुलढाणा शहराच्या चौपटीहून अधिक. लोकसंख्येमुळे चौपट आणि अंतरामुळे पुन्हा चौपट, असा हिशेब केला तर जालन्याची ओढ सोळापट भरते. त्यामुळे देऊळगाव राजाचा माणूस सरकारी कामासाठी बुलढाण्यास आणि इतर बहुतेक कामांसाठी जालन्यास जात असेल, तर त्यात नवल नाही.

अर्थात हा आडाखा मुख्यतः किरकोळ खरेदीसाठी आहे. घाट, नदीवरील पूल, एस.टी.च्या वेळा, सोयरिकी, भाषा आणि पूर्वापार व्यापारी संबंध यांमुळे तो बदलतो. तरीही प्रशासकीय सीमा आणि व्यवहाराच्या सीमा एकच नसतात, एवढे त्यावरून निश्चित कळते.

पाझर आणि उपसा

मोठ्या शहराच्या प्रभावाचे दोन प्रकार स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नर मिरदाल यांनी १९५७ साली स्पष्ट केले. शहर वाढले की भोवतालच्या प्रदेशातील दूध, भाजीपाला, कच्चा माल यांना मागणी येते, नवे तंत्र बाहेर पोचते, मजुराला काम मिळते. हा झाला एक प्रकार. त्याच वेळी भोवतालच्या प्रदेशातील तरुण, कुशल कारागीर, बचत आणि व्यापार शहराकडे खेचले जातात व मागे राहणारा प्रदेश अधिकच दुर्बल होतो. हा दुसरा प्रकार होय.

शेतीच्या परिभाषेत पहिल्यास पाझर आणि दुसऱ्यास उपसा म्हणता येईल. पाझर तलावाचे पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरींना मिळते. उपसा यंत्राने होतो आणि पाणी जेथे नेले तेथेच त्याचा लाभ होतो. एकाच शिवारात दोन्ही चालू असतात. विहीर भरते की आटते, हे त्यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. मिरदाल यांचे म्हणणे असे, की बाजार मोकळा सोडला तर गरीब प्रदेशात उपसा बहुधा पाझरावर मात करतो. रस्ते, शिक्षण, आरोग्य व प्रक्रिया उद्योग यांची तजवीज जाणीवपूर्वक केली, तरच प्रमाण उलटते.

खामगावचा धडा

बुलढाणा जिल्ह्यापुरते पाहिले तर या प्रक्रियेचा पहिला मोठा अनुभव खामगावला आला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी अपूर्व मागणी आली. त्याच सुमारास मुंबईहून निघालेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या मार्गाने पुढे सरकत होता. १८६७ साली तो नागपूरला पोचला. खामगाव मुख्य मार्गापासून बाजूला पडत असल्याने जलंब ते खामगाव असा छोटा फाटा टाकण्यात आला. १८७० च्या मार्च महिन्यात गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत त्याचे उद्घाटन झाले. वऱ्हाडातील एका बाजारपेठेसाठी गव्हर्नर जनरलांनी यावे, यावरूनच खामगावच्या कापसाचे तत्कालीन महत्त्व ध्यानात येते.

रेल्वे आणि तारायंत्र यांमुळे खामगावचा बाजार मुंबईशी आणि मुंबईमार्फत लिव्हरपूलशी जोडला गेला. दलाल, अडते, सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने आले. शहर वाढले. ही पाझराची बाजू होय. परंतु भाव खामगावात ठरत नव्हता. अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात येताच इकडील भाव खाली आले. कर्ज काढून कापसाखाली जमीन आणणाऱ्या शेतकऱ्यास त्याची झळ लागली. गिरणीचे स्वस्त कापड त्याच रेल्वेने परत येऊ लागले आणि हातमागावर पोट भरणाऱ्या कारागिराचा धंदा बसला. रुई बाहेर गेली आणि कापड आत आले. त्या दोहोंच्या मधला सूतकताईचा व विणाईचा नफा दूरच्या शहरांत राहिला.

या अनुभवाचा धडा आजही लागू पडतो. वाहतूक सुधारली म्हणजे प्रदेश आपोआप समृद्ध होतो, असे नाही. मालावरील प्रक्रियेचा किती भाग गावाजवळ राहतो, यावर लाभाचा वाटा ठरतो. आज कापसाच्या जोडीला सोयाबीन हे जिल्ह्याचे मुख्य पीक झाले आहे. पीक बदलले तरी प्रश्न तोच आहे. धान्य पोत्यातून बाहेर जाते, की तेल, पेंड आणि इतर पदार्थांच्या रूपाने, हे पाहिले पाहिजे.

घाटाखाली आणि घाटावर

जिल्ह्याच्या मधून अजिंठ्याची डोंगररांग जाते. तिच्यामुळे घाटाखालचा आणि घाटावरचा असे जिल्ह्याचे दोन भाग पडतात. घाटाखाली पूर्णा नदीचे काळ्या मातीचे खोरे आहे. मुंबई-हावडा लोहमार्ग आणि पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून ओळखला जाणारा, आता ५३ क्रमांकाचा महामार्ग याच भागातून जातो. येथील शहरांची दृष्टी पूर्व-पश्चिम आहे. खामगाव व शेगाव अकोल्याकडे पाहतात, मलकापूर भुसावळ-जळगावकडे. उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांचा मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरच्या बाजूशी जुना संबंध आहे.

घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे तालुके येतात. त्यांचे व्यवहार जालना व छत्रपती संभाजीनगरकडे झुकलेले आहेत. इंग्रजांनी जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणासाठी घाटावरील थंड हवेच्या बुलढाण्याची निवड केली. या शहराला आजही रेल्वे नाही. परिणामी जिल्ह्याचे प्रशासन एका ठिकाणी, मोठा बाजार दुसऱ्या ठिकाणी आणि रेल्वे तिसऱ्याच मार्गाने, अशी विभागणी झाली.

या रचनेला इतिहासाचेही कारण आहे. खामगाव आणि जळगाव हे तालुके मुळात अकोला जिल्ह्यात होते. १९०५ साली ते बुलढाणा जिल्ह्यास जोडण्यात आले. कागदावरील जिल्हा बदलला, पण बाजाराची वाट बदलली नाही. दक्षिणेकडे याच्या उलट घडले. वऱ्हाडचे प्रशासन १८५३ पासून इंग्रजांकडे आले आणि जालना-औरंगाबादचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिला. देऊळगाव राजाच्या पलीकडे दुसरा अंमल, दुसरे कायदे व दुसरी रेल्वे होती. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून हैदराबाद-मनमाड हा मार्ग जालन्यावरून गेला, पण तो मीटर गेजचा होता. वऱ्हाडचा रुंद मार्ग खामगावला थांबला होता. दोहोंमधील अंतर तसेच राहिले. खामगाव-जालना रेल्वेची मागणी स्वातंत्र्यापूर्वीपासून होत आली, तिचे मूळ या जुन्या दुहेरी अंमलात आहे. राज्ये गेली, महाराष्ट्र एक झाला, तरी घाटाखालचा आणि घाटावरचा भाग रेल्वेने अद्याप जोडला गेलेला नाही.

सीमेपलीकडून आलेला पाझर

जालना आणि देऊळगाव राजा-सिंदखेड राजा परिसर यांचे आजचे संबंध पाझराचे चांगले उदाहरण म्हणून दाखवता येतात. जालना हे बियाणे उद्योगाचे केंद्र आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तेथे महाराष्ट्र हायब्रिड सीड्स म्हणजेच महिको ही कंपनी स्थापन केली. त्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुढे या शहराभोवती अनेक बियाणे कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांना संकरित बियाणे तयार करून देणारे शेतकरी हवे होते. देऊळगाव राजा व सिंदखेड राजा तालुक्यांतील शेतकऱ्यांनी ही संधी घेतली. पावसावर अवलंबून असलेल्या या भागात शेततळी आणि शेडनेट उभी राहिली. त्यांत मिरची, टोमॅटो, काकडी यांसारख्या भाजीपाल्याचे बीजोत्पादन होऊ लागले.

हे काम नाजूक असते. मादी वाणाच्या फुलातील पुंकेसर उमलण्यापूर्वी हाताने काढावे लागतात आणि नर वाणाचे पराग त्यावर लावावे लागतात. प्रत्येक फुलासाठी हे करायचे असल्याने मजूर पुष्कळ लागतात. त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा असतो. थोड्या क्षेत्रात अधिक रोजगार आणि अधिक उत्पन्न, हे त्याचे वैशिष्ट्य होय. हे कौशल्य शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या हातात राहते. कापसाच्या गाठीबरोबर ते बाहेर जात नाही. खामगावच्या एकोणिसाव्या शतकातील व्यापाराहून हा व्यवहार वेगळा ठरतो तो यामुळे.

तरीही त्यातील धोके दृष्टीआड करता येणार नाहीत. मूळ बियाणे कंपनी देते, दर ती आधी ठरवते आणि तयार बियाणे उगवणक्षमता व शुद्धता यांच्या चाचणीत उतरल्यावरच स्वीकारले जाते. चाचणीस वेळ लागतो. तोपर्यंत शेतकऱ्याचा पैसा अडकून राहतो. बियाणे नापास झाले तर नुकसान त्याच्याच माथी येते. म्हणून करार लेखी असणे, चाचणीची पद्धत आणि पैसे देण्याची मुदत त्यात स्पष्ट लिहिलेली असणे आणि उत्पादकांचा गट असणे अगत्याचे ठरते. मोठ्या शहराशी व्यवहार करताना एकट्या शेतकऱ्याचा शब्द हलका पडतो, गटाचा शब्द वजनदार असतो.

प्रवाह उलटतो तेव्हा

ओढ नेहमी मोठ्याकडेच असते, असा समज होणे स्वाभाविक आहे. बुलढाणा जिल्ह्यात त्याला अपवादही आढळतात. संत गजानन महाराजांनी १९१० साली शेगावी समाधी घेतली. आज नागपूर, पुणे, मुंबई येथून भाविकांचा ओघ या साठ हजार वस्तीच्या शहराकडे वाहतो. निवास, भोजन, वाहतूक, पूजासाहित्य यांतून अनेक कुटुंबांना काम मिळते. येथे १९८३ साली श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे विद्यार्थ्यांचाही प्रवाह काही प्रमाणात उलटला. दुसरीकडे न मिळणारी गोष्ट एखाद्या लहान गावापाशी असेल आणि तिची व्यवस्था विश्वासाने चालवली जात असेल, तर महानगरांतील माणूसही वाट वाकडी करून तेथे येतो.

बुलढाणा शहरात १९८६ साली सुरू झालेली बुलढाणा अर्बन सहकारी पतसंस्था हे दुसरे उदाहरण. लहान जिल्हा ठिकाणी जन्मलेली ही संस्था पुढे बहुराज्य संस्था झाली आणि तिच्या शाखा मोठ्या शहरांत पोचल्या. सामान्यतः लहान गावच्या ठेवी मोठ्या शहरांकडे वाहून जातात. येथे संस्थेचे मुख्यालय लहान शहरात राहून तिचा विस्तार बाहेर झाला.

लोणारची स्थिती मात्र विचार करण्यासारखी आहे. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेले हे खाऱ्या पाण्याचे सरोवर जगातील अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय असून २०२० साली त्याला रामसर यादीत स्थान मिळाले. परंतु दूरचा पर्यटक बहुधा अजिंठा-वेरूळच्या निमित्ताने छत्रपती संभाजीनगरला उतरतो, सकाळी लोणारला येतो आणि सायंकाळी परततो. सरोवर लोणारचे आणि मुक्कामाचा खर्च शहराचा, अशी ही वाटणी होते. पर्यटकाला एक रात्र थांबावेसे वाटेल अशी स्वच्छ निवासव्यवस्था, जाणकार वाटाड्या आणि स्थानिक भोजन एवढ्या तीन गोष्टींनी या हिशेबात फरक पडू शकतो.

शाळा, रुग्णालय आणि महामार्ग

शिक्षण आणि आरोग्य या क्षेत्रांत उपशाची जाणीव सर्वाधिक होते. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी विद्यार्थी अकोला, लातूर, छत्रपती संभाजीनगर येथे जातात. पुढील शिक्षण आणि नोकरी पुण्यामुंबईकडे होते. जाणाऱ्या मुलास थांबवणे योग्यही नाही आणि शक्यही नाही. परंतु जिल्ह्याने शिकवलेला डॉक्टर, अभियंता किंवा शिक्षक परत येण्यासारखे काम जिल्ह्यात आहे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

गंभीर रुग्णासाठी आजवर अकोल्याचे किंवा छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हाच मोठा आधार होता. त्यांपैकी दुसरे १९५६ पासूनचे, तर अकोल्याचे २००२ पासूनचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत बुलढाण्याचा समावेश आहे. एका वैद्यकीय महाविद्यालयामुळे विद्यार्थ्यांच्या जागांबरोबर तज्ज्ञ डॉक्टर, प्रयोगशाळा, परिचारिका आणि औषधविक्रेते यांची साखळी उभी राहते. ही साखळी पुरी झाली, तर घाटावरील रुग्णाचे कित्येक तासांचे अंतर वाचेल.

रस्त्यांच्या बाबतीत सर्वांत मोठा बदल समृद्धी महामार्गाने घडवला. नागपूर-मुंबई असा ७०१ किलोमीटरचा हा मार्ग मेहकर-सिंदखेड राजा परिसरातून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. रेल्वे नसलेल्या घाटावरच्या भागाला प्रथमच अतिजलद मार्ग मिळाला. मात्र या महामार्गावर कोठूनही चढता येत नाही. ठरावीक ठिकाणच्या प्रवेशमार्गांवरूनच वाहने आत जाऊ शकतात. प्रवेशमार्गाजवळच्या गावाला छत्रपती संभाजीनगर व नागपूर एकदम जवळ आले. वीस किलोमीटर दूरच्या, खराब रस्त्याने जोडलेल्या गावाला त्याचा लाभ फारसा पोचत नाही. म्हणून महामार्गाइतकेच महत्त्व गावापासून प्रवेशमार्गापर्यंतच्या रस्त्याला आणि तेथील गोदाम, शीतगृह, प्रतवारी केंद्र यांना आहे. अन्यथा खामगावच्या फाट्याप्रमाणे हा मार्गही माल बाहेर नेणारी नळीच ठरेल.

वेगाचा भारही वाटेवरच्या लहान गावांवर पडतो. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेड राजानजीक एका खाजगी बसला अपघातानंतर आग लागून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. मोठ्या शहरांना जोडणाऱ्या मार्गावर अशी आपत्ती ओढवते तेव्हा प्रथम धावून जावे लागते ते जवळच्या गावकऱ्यांना आणि तालुक्याच्या रुग्णालयाला. रुग्णवाहिका, अग्निशमन आणि तातडीच्या उपचारांची सोय ही महामार्गालगतच्या तालुक्यांची गरज झाली आहे.

नियोजनाच्या रेषा

राज्य शासनाने मोठ्या शहरांची एकतर्फी वाढ रोखण्याचा विचार फार पूर्वी केला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९६४ साली मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू झाली. १९८३ साली नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये जिल्हावार अनुशेषाचा हिशेब मांडला. १९९४ साली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीला घटनात्मक आधार दिला आणि त्यासाठी राज्याने १९९८ मध्ये कायदा केला.

या सर्व व्यवस्थेत जिल्हा हा मूळ घटक आहे. हिशेबासाठी तो आवश्यकच आहे. पण वर पाहिल्याप्रमाणे बुलढाण्याचे व्यवहार जिल्ह्यापुरते मर्यादित नाहीत. अकोला त्याच्याच अमरावती विभागात आहे, तर जळगाव नाशिक विभागात आणि जालना छत्रपती संभाजीनगर विभागात. देऊळगाव राजाच्या शेतकऱ्याची बाजारपेठ एका विभागात आणि त्याचे कृषी कार्यालय दुसऱ्या विभागात, असे होते. सीमेवरील तालुक्यांसाठी शेजारच्या जिल्ह्याशी एस.टी.चे वेळापत्रक, रुग्ण पाठवण्याची पद्धत, बियाणे तपासणी आणि बाजारभावाची माहिती यांबाबत एकत्र बसून निर्णय झाले, तर मोठा खर्च न करता पुष्कळ साधता येईल.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. अकोला, जालना ही शहरे बुलढाण्याच्या दृष्टीने मोठी असली तरी नागपूर, पुणे, मुंबई यांच्यापुढे तीही लहानच आहेत. त्यांचाही उपसा होतो. अकोल्याचा व्यापार किंवा जालन्याचा उद्योग मंदावला, तर त्याची झळ खामगाव आणि देऊळगाव राजापर्यंत पोचते. म्हणून शेजारच्या मध्यम शहरांची वाढ ही बुलढाण्याच्याही हिताची आहे. त्यांच्याशी स्पर्धा करण्यापेक्षा त्यांच्या वाढीतील आपला वाटा ठरवून घेणे अधिक फलदायी होईल.

गावाने ठेवावयाचा हिशेब

ग्रामपंचायत विकास आराखडा तयार करताना गावातील रस्ते, गटारे, दिवे यांची यादी होते. तिच्या जोडीला आणखी एक साधी नोंद करता येण्यासारखी आहे. बी-बियाणे, खते, शेतमालाची विक्री, यंत्रदुरुस्ती, किराणा, लग्नाचे कापड, बाळंतपण, मोठे आजारपण, दहावीनंतरचे शिक्षण आणि रोजगार या दहा गरजांसाठी गावातील कुटुंबे वर्षभरात कोठे जातात, किती वेळा जातात आणि ढोबळमानाने किती खर्च करतात, हे लिहून काढावे. शाळेतील वरच्या वर्गातील विद्यार्थी शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली हे काम भूगोलाचा प्रकल्प म्हणून आठवडाभरात करू शकतील.

अशा नोंदीवरून तीन गोष्टी कळतील. काही गरजांसाठी मोठ्या शहरात जाणेच योग्य असते. तेथे चांगला रस्ता आणि सोयीची बस एवढीच अपेक्षा ठेवावी. काही गरजा विनाकारण दूर गेलेल्या असतात. यंत्रदुरुस्ती, प्रतवारी, डाळ किंवा तेल काढणे, प्राथमिक तपासण्या यांसारख्या गोष्टी गावात किंवा बाजारगावात होऊ शकतात. त्या परत आणण्यासाठी बचत गट, सहकारी संस्था किंवा होतकरू तरुण यांना पाठबळ द्यावे. आणि एखादी वस्तू किंवा स्थळ असे असते, की त्यासाठी शहरच गावाकडे येऊ शकेल. ते ओळखून जपावे.

चारही बाजूंनी मोठी शहरे असणे हे बुलढाणा जिल्ह्याचे भौगोलिक वास्तव आहे. चार बाजारांत भाव विचारण्याची सोय त्यामुळे या जिल्ह्याला मिळते आणि एकाच महानगराच्या छायेत असलेल्या प्रदेशाला ती मिळत नाही. त्या सोयीचा फायदा घ्यावयाचा, तर आपल्या गावातून काय जाते आणि काय येते याचा हिशेब प्रथम गावालाच ठाऊक असावा लागेल. खामगावच्या शेतकऱ्याला १८७० साली तो हिशेब कोणी दाखवला नव्हता. आज ग्रामसभेत तो मांडणे सहज शक्य आहे.